सोसेल तितका शेक

लांपांग, १२ नोव्हेंबर

ती. बुआफनताईस,
धाकट्या सेंगलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू उलटं ऐकतेस, म्हणून सगळं लिहूनच कळवते. ऑपरेशन होऊन आज अकरा दिवस झाले. गाठीसकट डावा स्तन काढला आणि त्याच वेळी आत सिलिकॉनची पिशवी बसवून नवा केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गाठ पूर्ण निघाली, आता भ्यायचं नाही. ते ऐकून मात्र मी रडले.

पिशवी खाली घसरू नये म्हणून खालून झोळीसारखी जाळी लावतात. कुठली लावायची ते मलाच विचारलं. एक धाग्याची, एक डुकराच्या कातड्याची आणि एक मेलेल्या माणसाने दान केलेल्या कातडीची, पेशी धुऊन नुसता सांगाडा ठेवलेली. बाईंनी स्पष्ट सांगितलं की अगदी बिनधोक कुठलीच नाही. पाणी साचतं, लाली येते, जंतू शिरले तर सगळं काढावंही लागतं. मी माणसाची घेतली. माणसाला माणूस बरं, एवढाच विचार केला. कारखान्यात चिनी मातीच्या वाडग्यांवर कोंबडे रंगवणारीला याहून जास्त काय सुचणार?

आता ओरडू नकोस. कारखाना महिनाभर बंद ठेवलाय माझ्यापुरता, त्यामुळे खाऊन खाऊन गोल होतेय.

होती तेवढी माया राहू दे.
तुझी सेंगला

नान, २० नोव्हेंबर

चि. सेंगला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातातून थेट मागावर पडलं आणि दोन धागे तुटले. अगं, मेलेल्या माणसाची कातडी? गावात मयत झालं तर आई मनगटाला दोरा बांधल्याशिवाय आपल्याला उंबऱ्याबाहेर सोडत नव्हती, आणि तू मयतच आत घेऊन बसलीस! ती बाई होती की बाप्या, एवढंही विचारलं नाहीस. कशाने गेली, कुणावर राग धरून गेली, काही पत्ता आहे?

आणि धाग्याच्या जाळीने काय घोडं मारलं होतं? चाळीस वर्षं माग चालवणाऱ्या बाईची बहीण तू, आणि विणलेलं सोडून सोललेलं निवडलंस. हे तर मला फारच लागलं.

काल विहारात जाऊन त्या माणसाच्या नावाने, त्याला पुण्य लाभावं म्हणून, पाणी सोडलं. भंतेंनी विचारलं, कुणाच्या नावाने. मी सांगितलं की नाव ठाऊक नाही, पण मुक्काम माझ्या बहिणीच्या छातीत आहे. भंतेंनी चष्मा काढून मला पुन्हा नीट न्याहाळलं.

चिकट भात कमी खा, पचायला जड. जिवाला जप.
तुझी घाबरलेली
ताई

लांपांग, ३ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

भंतेंचा चेहरा डोळ्यांपुढे आणून इतकी हसले की पोट दुखलं. आता एक सांगते, पण लगेच विहाराकडे धावत सुटू नकोस. नवा भाग लाल झालाय. ताप नाही, दुखत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की या जाळीने काही जणींना अशी लाली येते आणि आपोआप उतरते. दर आठवड्याला दाखवायला जाते.

दुखणार तरी कसं म्हणा. तिथे मला काही कळतच नाही. चिमटा काढला तर शेजारणीला काढल्यासारखा वाटतो. घरी सोडताना एक कागद दिलाय, त्यात हे नको ते नको अशी लांबलचक यादी आहे. गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, असंही लिहिलंय. आपल्या सात पिढ्यांत कुणाकडे होती ती पिशवी?

तुझे तुटलेले धागे जोडून झाले का, ते कळव.
सेंगला

नान, १० डिसेंबर

चि. सेंगलास आशीर्वाद.

लाल झालंय म्हणजे तो मेलेला जीव आपली कातडी परत मागतोय. डॉक्टरांना शरीर कळतं, हे कुठून कळणार?

सोबतच्या पार्सलात औषधाच्या सहा पुरचुंड्या आहेत. गवती चहा, हळद, कापूर, चिंचेचा पाला, लिंबाची साल, सगळं माझ्या हातचं कुटलेलं. कापडसुद्धा मीच विणलंय, निदान तेवढं तरी विणलेलं तुझ्या छातीला लागू दे. तुझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने दिला तोच हा शेक. वाफेवर ठेव आणि दाबून धर. आईचं मोजमाप तुला ठाऊक आहेच: सोसेल तितकं गरम, पुरे वाटलं की उचलायचं. रोज दोनदा कर, आळस करू नकोस.

उतार पडला की लगेच लिही, तोवर माझा जीव टांगणीला.
ताई

लांपांग, २९ डिसेंबर

ताई,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही.

मी पुरचुंडी वाफेवरून काढली आणि छातीवर धरली. आईच्या घरचा वास आला, फार बरं वाटलं. पुरे वाटेल म्हणून वाट बघत बसले. वाटलंच नाही. इतकं सोसतंय म्हणजे गुण येतोय, अशी माझी समजूत. दुसरी धरली, मग तिसरी. इन्सोम कामावरून आला आणि धावत येऊन त्याने पुरचुंडी हिसकावून घेतली. एरवी बायकोने केस कापले तरी ज्याला दिसत नाही, त्या नवऱ्याला दिसलं. तळहाताएवढे फोड आले होते आणि मला पत्ता नव्हता.

आठव्या दिवशी कातडी काळी पडून फाटली. आत पांढरी जाळी दिसली. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, ताई. परवा सगळं काढलं, जाळी आणि पिशवी दोन्ही. आता तिथे सपाट आहे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लाली उतरत आली होती. त्या मेलेल्या माणसाने काहीच केलं नव्हतं. कागद मी वाचला होता आणि औषध तू पाठवलंस. आपण दोघींनी केलं. मला स्वतःचा राग येतो, आणि तुझा त्याहून जास्त. तो उतरेपर्यंत लिहू नकोस.

सेंगला

नान, १८ जानेवारी

चि. सेंगला हिस,

नको म्हणालीस तरी लिहिते. शिव्या दे, पण वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मागावर बसलेले नाही. गेल्या सोमवारी बस धरून लांपांगला आले आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहून सांगितलं की सेंगलाला भाजणारी ती मी. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची दिली, आणि म्हणाल्या की प्रेमाने भाजलेल्या बायका त्यांनी आधीही पाहिल्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी विचारलं, ती कातडी कुणाची होती? त्यांनाही ठाऊक नसतं. कुणीतरी जिवंतपणी शांतपणे बसून एक फॉर्म भरतं, एवढंच. मी ज्याला भूत म्हणून हाकलत होते, तो एक भला माणूस होता. त्याची माफी मागायला नाव नाही, गाव नाही. मग मी तसलाच एक फॉर्म मागून घेतला. भरलाय. माझ्या पाठीची कातडी अजून बरी आहे. त्यावर नातलगाची सही लागते, म्हणून सोबत पाठवते.

तुझ्या दारापर्यंत आले होते. तू अंगणात एका हाताने कपडे वाळत घालत होतीस. हाक मारायचं धाडस झालं नाही.

आशीर्वाद द्यायचं तोंड नाही, तरी देते.
ताई

लांपांग, ९ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझा फॉर्म उघडला. आजवर इतकी घाबरले नव्हते, ऑपरेशनला सुद्धा नाही. नऊ दिवस तो भाताच्या टोपलीखाली दडवून ठेवला. त्यावर तुझं नाव, तुझं वय आणि तुझी ती वाकडी सही. तू मरशील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दारातून परत गेलीस याचा राग मात्र सगळ्यात मोठा आहे. कपडे काय, एका हाताने जमतात. बहिणीला मिठी मारायला दोन लागतात, आणि आता माझा दुसराही हात वर जातो. डॉक्टरीणबाई म्हणतात की सहा महिन्यांनी पुन्हा करता येईल आणि जाळी पुन्हा मीच निवडायची. अजून ठरवलं नाही. तू ये, मग ठरवू. येताना पुरचुंडी आणलीस तर इन्सोम तुला फाटकातूनच परत धाडेल.

फॉर्मवर सही केली आहे. घाई करू नकोस. पण पुढे कधी कुणा अनोळखी बाईच्या छातीत तुझी कातडी जाऊन बसेल, आणि तिची वेडी बहीण प्रेमाने शेक द्यायला लागेल, तेव्हा त्या बाईला चटका कळायचा नाही. त्या वेळी आतून तूच ओरड, ताई. पुरे म्हण.

राग उतरलाय, माया जागच्या जागी आहे.
तुझीच
सेंगला