खुडूक कोंबडीला हात लावायचा नाही

मी, छबूबाई लिंबाजी कच्छवे, वय अंदाजे सत्तर, धंदा शेतमजुरी व कोंबड्या, राहणार राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. या घरात माझं एकटीचंच आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. मी सांगते, बन्सीधर गुरुजी लिहितात.

१. घराच्या दोन खोल्या मुलगा रामप्रसाद यास. पत्रे गळतात, तेही त्यालाच.

२. सगळ्या गावरान कोंबड्या, कोंबडा, खुराडं आणि डालं सून शिवकन्या हिला. रामप्रसादचा त्यांवर काडीचा हक्क नाही. कारण लिहा म्हटलं तर गुरुजी म्हणाले, "छबूबाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." म्हटलं, "म्या जन्मभर कोंबड्या बसवल्या, तुमाला एक वाक्य बसवता येईना व्हय?"

तर कारण. गेल्या पोळ्याच्या करीला साडू आले म्हणून रामप्रसादनं खुडूक कोंबडी कापली. अंड्यांवर बसलेली! म्हणे, "आई, ती अंडी देईना, नुसती बसून खायलीय." अरे देवा! खुडूक कोंबडी अंडी देत नसते रे, उबवत असते! आतली पिल्लं आतच गार झाली. आणि या घरात बसून खाणारं कोण आहे, ते माझ्या तोंडून वदवू नका.

वर भरपाई म्हणून त्यानं मशीनची पिल्लं आणली. मोठी झाली, अंडी दिली, पण एक खुडूक होईल तर शपथ! मग पुढची पिल्लं कोण काढणार, रामप्रसाद?

३. हे नवराबायको ऊसतोडीला जायचे तेव्हा नातवंडांच्या ताटात अंडं पडलं ते या कोंबड्यांमुळं. शिवकन्या मला म्हणाली, "आत्याबाई, मला आता कोयत्याला जायचं न्हाई. लय झालं." बरोबर आहे. दसऱ्यानंतर रामप्रसादनं कोयत्याला दुसरा जोडीदार बघावा. सून कोंबड्या आणि लेकरं सांभाळील. खुडूक कोणती, बसवायची कधी, कापायची कोणती, हे तीच ठरवील.

४. शेजारीण बायनाबाईकडं माझी एक कोंबडी बटईनं आहे, निम्मी पिल्लं तिची, निम्मी आमची. दरवर्षी मुंगूस येतं आणि नेमकी आमच्याच वाट्याची पिल्लं नेतं. लय हुशार मुंगूस. ती कोंबडी शिवकन्येनं घरी आणावी.

५. सध्या लाल कोंबडी माझ्या बाजेखाली टोपल्यात बसली आहे. ती उठायच्या आत माझी वेळ आली, तर मला खाली घ्या, पण बाज हलवू नका. रडायचं असेल त्यांनी ओसरीवर जाऊन रडावं. शिवकन्या, तू मात्र आत थांब. पिल्लं आतून टोचा मारायला लागली की पहिल्यांदा तुला ऐकू यावं.

वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं. म्हणून सही केली.

छबूबाई लिंबाजी कच्छवे
राणीसावरगाव, दि. १८ जुलै २०२५

साक्षीदार:
सूर्यभान गणपत मुंढे
महारुद्र किशन जाधव
(दोघांनी बाज न हलवता, उभ्यानेच सह्या केल्या.)