माझा जनाजा समुद्राच्या बोळातूनच न्यावा

मी, जल्लूल बिन खमीस, वय चोपन्न, धंदा मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करणे, राहणार मिठागर मोहल्ला, सीदी यूनस, अल्लाच्या नावाने हे लिहून ठेवतो. फुफ्फुसं कामातून गेली आहेत, डोकं नाही. कायदा मी स्वतः वाचून शिकलो. या कागदातलं एकही वाक्य वकिलाचं नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक यांत पत्नी मबरूका आणि मुलगी रीम यांचे कायद्याने ठरलेले हिस्से आहेत, त्यांना मी हात लावत नाही. रीम मार्सेयहून फोनवर म्हणते, "बाबा, तिथे आता राहतं कोण? विकून टाका ना." विकावं. फक्त बोळाच्या तोंडाशी असलेल्या बंगल्याच्या मालकाला विकू नये. हे मी बंधनकारक करू शकत नाही, हेही मला माहीत आहे.

२. माझी हत्यारं बंदरावरच्या फर्जानीला द्यावीत. तो इंजिन ऐकून न घेता आधी खोलतो. पण बंदरात दुसरं कोणी उरलेलं नाही.

३. मिठागर मोहल्ला रहिवासी संघाच्या चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या माझ्या पडवीत आहेत. त्या माझ्या नाहीत, म्हणून त्या मी कुणाला देत नाही. ताबा फक्त मोंजीकडे सोपवतो. संघात मी अध्यक्ष आणि तो सभासद, एवढेच आम्ही उरलो. परवा तो म्हणाला, "तू गेलास की मी ठराव मांडायचा कुणापुढे? मबरूकावहिनींच्या कोंबड्यांपुढे?"

४. आता मुख्य गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातून समुद्रावर जायला एकच बोळ. कब्रस्तान भूशिरावर, म्हणून आमचे सगळे जनाजे त्या बोळातून उतरून वाळूवरून जात. संघ स्थापन झाला तो बोळ झाडायला आणि तिथला दिवा चालू ठेवायला. पुढे उन्हाळी पाहुण्यांचा गोंगाट वाढला, तेव्हा बंगलेवाल्याने स्वखर्चाने लोखंडी दार बसवून देतो म्हटलं, घरटी एक किल्ली. तेव्हाचे सचिव शादली, ज्यांना सगळे मानाने सी शादली म्हणतात, सभेत म्हणाले, "फुकटचं दार आहे, जल्लूल. तुला दारातही खोट दिसते?" विरोधात हात वर झाला तो माझा एकट्याचा. मोंजी त्या दिवशी चहा ओतत होता, असं तो अजून सांगतो.

किल्ली हातात आल्यावर सभेला यायचं कारण कुणाला उरलं नाही. आणि आम्ही समुद्रकाठची माणसं हिवाळ्यात समुद्राकडे फिरकत नाही. त्या हिवाळ्यात बंगलेवाल्याने कुलूप बदललं. वसंतात किल्ल्या लागेनात, तेव्हा कळलं. नगरपालिकेने सांगितलं, दार संघाच्या संमतीने आहे, काढायचं तर संघाने बहुमताने मागावं. मी सभा बोलावली. खुर्च्या मांडल्या, चाळीसच्या चाळीस. मी आणि मोंजी, दोघंच बसलो. तेव्हापासून आमचे मृत महामार्गावरून, गाडीतून जातात.

५. कायदा मला मालमत्तेच्या एकतृतीयांश भागापुरतं मृत्युपत्र करू देतो. तो भाग मी संघाला देतो, बोळाचा दावा लढवण्यासाठी. दोन माणसांच्या संघाला दावा लावता येत नाही आणि माझ्यामागे एकच उरेल. तेव्हा हे कलम बहुधा रद्द होईल. मग तो भागही वारसांना जावा. तरी लिहिलं आहे.

६. माझा जनाजा खांद्यावरून त्या दारापर्यंत न्यावा. मोंजीचा एक खांदा. फर्जानीचा एक, हत्यारांच्या बदल्यात. रीमचा नवरा आला तर त्याचा. चौथा खांदा सी शादलींनी द्यावा. त्यांच्याशी मी सात वर्षं बोललेलो नाही, पण पुढचा उजवा खांदा त्यांचाच असावा, म्हणजे दारासमोर ते असतील. बंगल्याची घंटा एकदा वाजवावी. शिवीगाळ नको. खुर्च्या मांडून तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या अजानपर्यंत वाट पाहावी.

मोंजीने आत्ताच विचारलं, "आणि नाहीच उघडलं तर?"

तर गाडी बोलवा आणि महामार्गाने न्या. खुर्च्या मोजून परत आणा.

हे सर्व मी शुद्धीत, स्वहस्ते लिहून, साक्षीदारांसमोर वाचून दाखवून सही केली.

सीदी यूनस, १४ नोव्हेंबर २०१९
(सही) जल्लूल बिन खमीस

साक्षीदार:
१. मोंजी बिन अली (सही)
२. शादली बिन ताहिर (सही). कलम ६ ऐकलं. गुडघा साथ देत नाही, तरी खांदा देईन. दार उघडणार नाही, जल्लूल. मी तिथे दोनदा घंटा वाजवून आलो आहे.