धनज राहिलं

मानोरा, गुरुवार संध्याकाळ

परवा बाळू गेला. माझा सख्खा भाऊ. अजून रडू आलेलं नाही. आज सरळ कॉलेजात जाऊन सी या संगणकाच्या भाषेचा तास घेतला.

नकाशातली सगळी गावं छापणारा प्रोग्रॅम शिकवत होते: एका गावापासून निघायचं, आधी लागूनची गावं रांगेत घालायची, मग त्यांच्या लागूनची. रांगेत घातलं की गावावर खूण करायची, म्हणजे ते दुसऱ्यांदा येत नाही. पहिल्या बाकावरच्या प्रणालीच्या प्रोग्रॅमने सगळी गावं छापली, एक धनज सोडून.

"मॅडम, धनज काहून येऊन नाही राह्यलं?"

"खूण केलीस, पण रांगेत घातलंच नाहीस. मग प्रोग्रॅम धरून चालतो की धनज झालं."

ओळ दुरुस्त करून घेतली, पुढच्या मुलीकडे वळले. काही वाटलं नाही.

घरी चहा ठेवला, तोच मोठ्या ताईचा फोन. ती धनजलाच असते. "काहून वं, बाळू फोन काहून उचलून नाही राह्यला?"

बाळूच्या मुलाला वाटलं, ताईला मी कळवलं. मला वाटलं, त्याने. परवा अंत्यविधीला ताई दिसली नाही, तर गुडघ्यांमुळे आली नसेल असं सगळ्यांनी धरलं. मी एकदा तरी विचारायचं की नाही?

फोनवर सांगवेना. "उद्या सकाळी येते," एवढंच म्हणाले.

"ये ना वं. येशीन तं बाळूलेबी घेऊन ये. त्याले म्हन, ताई भाकर करून ठेवते."

मी हो म्हणाले.