ढवळीचं दावं

मी, सोजराबाई भ्र. कडूबा सुरडकर, वय अंदाजे चौसष्ट, धंदा शेती, राहणार धाड, तालुका बुलढाणा, आज पूर्ण शुद्धीवर आहे. कळ छातीत येते, डोक्यात नाही. कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. मी सांगते आहे आणि भगवंतराव मास्तर लिहीत आहेत.

१. माझ्या वडिलांकडून मला मिळालेली दोन एकर जमीन, तसेच मालकांच्या मागे माझ्या नावावर आलेले राहते घर व गोठा माझ्या पश्चात माझा ~~सावत्र~~ मुलगा उत्तमराव, हल्ली मुक्काम लोणार, याचा व्हावा. माझे दीर इंद्रभान म्हणतात, "वहिनी, तो काही तुमच्या पोटचा नाही, त्याले काऊन देता?" माझी सवत रुक्मिणीबाई वारली तेव्हा उत्तम तान्हा होता. मी या घरात आले ती त्याला दुधात बुडवलेलं बोट चोखायला देतच. मला दुसरं मूल झालं नाही. इंद्रभान यांनी बांधावरची बाभूळ निम्मी तोडून नेलीच आहे. उरलेली निम्मी त्यांना द्यावी. माझी तक्रार नाही.

२. गोठा मोडू नये. आई मेलेली वासरं लोक माझ्या दारात आणून सोडतात. ती जगवावी आणि चांगलं घर पाहून द्यावी, हे मी तीस वर्षं केलं. पैसा घेतला नाही. अट एकच, नेणाऱ्याने दावं आपलं आणायचं. वासरू जातं, दावं खुंटीवर राहतं. दाव्यासोबत गोठ्याची बरकत जाते, असं माझी सासू सांगायची.

३. सध्या नऊ दिवसांचा एक गोऱ्हा आहे. उत्तम येईपर्यंत तो शेजारच्या जनकाबाईने सांभाळावा. पाठीवर गूळ-मिठाचं पाणी चोळून त्याला पवळी गाईपुढे उभा करावा. एकदा तिने चाटला की तो तिचा झाला. मग कोणाचा, हे गाय विचारत नाही.

४. नऊ वर्षांपूर्वी ढवळी नावाची कालवड दुसरबीडच्या हिंमतरावांना द्यायची ठरली. बाजारच्या दिवशी ते दावं विसरून आले. कालवड गर्दीला बुजत होती, म्हणून उत्तमने आपल्या दाव्यासकट तिला देऊन टाकलं. त्याच महिन्यात गोठ्यात दोन वासरं मेली. माझं डोकं फिरलं. भर अंगणात मी त्याला म्हणाले, "पोटचा असता तं असं केलं नसतं बे तू!" तो माझ्या पाया पडला आणि मोटारीत बसून गेला. नऊ वर्षं या उंबऱ्यावर त्याचं पाऊल नाही. मीही बोलावलं नाही. हट्ट माझा होता.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंमतराव ते दावं परत घेऊन आले. म्हणाले, "ढवळीची चार वेतं झाली, आजी. पोरानं त्या दिवशी दावं देल्लं म्हणून ती घरी तरी पोचली. नाही तं मोटारीखालीच जात होती." दावं झिजलं आहे. मी ते त्याच्या खुंटीवर टांगलं आहे.

५. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगा कागद नाही. वर कलम ४ मध्ये लिहिलेलं, अंगणात बोललेलं माझं वाक्य मात्र मी या कागदाने रद्द करते. ते खोटं होतं. मास्तरांनी हे कलम उत्तमला मोठ्याने वाचून दाखवावं, अंगणातच, इंद्रभान यांच्यासमोर.

सही : सोजराबाई भ्र. कडूबा सुरडकर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार : महादेवराव बोर्डे, दयाराम जाधव
लिहिणार : भगवंतराव मास्तर
मुक्काम धाड, ता. १२ नोव्हेंबर १९६६

खाडाखोड एक : कलम १ मध्ये 'मुलगा' या शब्दाआधीचा एक शब्द मी (लिहिणार) माझ्या मनाने लिहिला होता. बाईंनी कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि तो शब्द खोडायला लावला. खोडलेल्या जागेवर त्यांचाच अंगठा आहे.