दोन पार्क, एक दाढ

शनिवार, ३ मे

करार झाला. तोंडी आहे, पण साक्षीदार आहे. साक्षीदार म्हणजे ही.

भिंगरीची खालची डावी दाढ काढायची आहे. दुधाचीच, पण मुळापर्यंत किडलेली, हिरडीवर बारीक फोड. शाळा सुरू व्हायच्या आत काढायलाच हवी. पण दहा वर्षांची ही मुलगी, बाप दंतवैद्य, दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर वाढलेली, खुर्ची दिसली की तोंडाला कुलूप लावते. कारण विचारलं तर म्हणते, बाबा, तू खाली सगळ्यांना सांगतोस मुंगी चावल्यासारखं वाटेल, आणि मग आम्हाला वर ओरडणं ऐकू येतं. जिन्यातून आवाज वर जातो त्याला मी काय करणार?

तिची अट अशी: मंगळवारी सहलीला निघतोय, तिथल्या पार्कातल्या सगळ्यात मोठ्या राईडवर बाबाने तिच्या शेजारी बसायचं. मग ती मुकाट्याने माझ्या खुर्चीत बसेल. मी लगेच हो म्हणालो. त्यात काय एवढं? मी आयुष्यभर लोकांच्या भीतीवर काम करत आलो आहे. भीती म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. ती दुसऱ्यांना वाटते.

रविवार, ४ मे

एक छोटी अडचण. पार्कं दोन आहेत. एक डोंगराच्या अंगाला, दुसरं तळ्याकाठी, आणि दोघांतून विस्तव जात नाही. डोंगरवाले म्हणतात आमची राईड सगळ्यात उंच, तळेवाले म्हणतात आमची सगळ्यात वेगवान. एकीचं नाव कडेलोट, दुसरीचं भोवरा. अशी नावं ठेवणाऱ्यांना मुलंबाळं नसावीत.

करारात पार्क कुठलं ते ठरलेलं नाही. तेव्हा आधी दोन्ही पार्कांची शास्त्रशुद्ध तुलना, मग राईड. घाई केली तर मुलीवरच अन्याय होईल. तक्ता आखला. रकाने: सावली, बाकं, स्वच्छतागृहं, चहा, प्रथमोपचार, बाहेर पडायचे रस्ते. हिने विचारलं, राईडचा रकाना कुठाय? म्हटलं, जागा उरली तर घालू.

मग हिने हळूच सुचवलं की एवढं सगळं करण्यापेक्षा समोरच्याकडे नेऊ या का. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडे नवा दवाखाना थाटून बसलेला तो. काचेचं दार, आत माशांची टाकी. दंतवैद्याची मुलगी दुसऱ्या दंतवैद्याकडे! मग मी पाटी उतरवावी आणि भाजी विकावी. असं मी म्हणालो. ही म्हणाली, भाजी तरी निवडता येते का तुम्हाला?

मंगळवार, ६ मे

पोचलो. लॉज स्वच्छ आहे. खोलीच्या खिडकीतून झाडांच्या वर लोखंडाची एक उंचच उंच कमान दिसते. तोच कडेलोट. मॅनेजर अभिमानाने म्हणाला की खास व्ह्यू असलेली खोली दिली आहे. त्याचं भलं होवो.

थोड्या थोड्या वेळाने तिकडून ओरडणं येतं. ओरडण्यातला फरक मला कळतो, तो माझा धंदाच आहे. पोरं उगीच ओरडतात ते वेगळं. हे तसं नव्हतं. यात मोठी माणसं होती आणि ती मनापासून ओरडत होती.

पडदा लावून घेतला. डोळ्यांवर ऊन येत होतं.

बुधवार, ७ मे

डोंगराकडचं पार्क. दिवसभर निरीक्षण. बाकांना पाठ नाही. सावली बरी. चहा पाणचट.

कडेलोटच्या खाली सूचनांचा फलक आहे. हृदयविकार, पाठदुखी, मानेचा त्रास असलेल्यांनी बसू नये. फलक वाचताच मान दुखायला लागली. दंतवैद्याची मान ही काही साधी मान नसते, दिवसभर वाकून तिचं वाटोळं झालेलं असतं. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, परवा टीव्ही माळ्यावर चढवलात तेव्हा मान कुठे होती?

भिंगरी उंची मोजायच्या पट्टीपाशी जाऊन उभी राहिली. पट्टीच्या बरीच वर भरली. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आधी दुसरं पार्क बघू, नंतर पस्तावायला नको. तिने मान डोलावली. ती आईबरोबरही बसली नसती. हिला साध्या पाळण्यात चक्कर येते, आणि पोरीला मीच हवा होतो.

दुपारी सँडविच खाताना नीट पाहिलं. ती सगळं उजव्या बाजूनेच चावते आहे.

गुरुवार, ८ मे

तळ्याकडचं पार्क. बाकांना पाठ आहे! चहा प्यायला जातो. प्रथमोपचाराच्या खोलीत दोन खाटा आणि दोन्ही भरलेल्या. दुसऱ्या गोष्टीचे गुण द्यावेत की कापावेत हे कळेना.

भोवरा बुटका आहे, पण तळ्यात घुसतो, एका बोगद्यातून. बाहेर येताना लोक ओले आणि गप्प असतात. एक धिप्पाड गृहस्थ उतरले आणि थेट गवतावर आडवे झाले. त्यांच्या बायकोने त्यांचा चष्मा पुसून पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. त्यांना चष्म्याची गरज वाटली नाही.

एकूण गुण: बरोबरी. म्हणजे दोन्हीकडे पुन्हा एकदा जाणं आलं.

परतताना भिंगरीने विचारलं, बाबा, तुला भीती वाटते का? म्हटलं, छे. ती म्हणाली, मला वाटते. मला आतून एकदम बरं वाटलं. म्हटलं, राईडची ना? मग नको बसू या! ती म्हणाली, राईडची नाही, खुर्चीची.

शुक्रवार, ९ मे

सकाळी गाल सुजलेला. तिचा.

गोळ्या बरोबर होत्याच, लगेच सुरू केल्या. ताप नाही. जबड्याखाली बोटं लावून पाहिली, मऊ आहे. तासाने पुन्हा पाहिली. मऊ. सूज खाली मानेकडे उतरली तर काय होतं ते पुस्तकात एका पानावर दिलं आहे आणि ते पान मला तोंडपाठ आहे. हिला काही सांगितलं नाही. हिने विचारलं, काळजीचं नाही ना? म्हटलं, किरकोळ आहे. हे म्हणून मी पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. हवा कोरडी आहे इथली.

आज अर्थातच राईड रद्द. फार वाईट वाटलं. दुपारी छान झोप लागली.

ही म्हणाली, करारबिरार पुरे झाला, आत्ता घरी जाऊ आणि समोरच्याला दाखवू. भिंगरी गाल धरून कॉटवर बसली होती. ती म्हणाली, नाही, बाबा बसणार आहे, मग मी बसणार आहे, ठरलंय. अगदी खणखणीत बोलली. हा हट्टीपणा हिच्या माहेरचा.

सोमवार, १२ मे, सकाळ

गोळ्यांनी सूज बरीच उतरली. पोरगी टुणटुणीत. आणखी थांबण्यात अर्थ नाही. म्हणजे कारण सापडत नाही.

तक्त्याचा निकाल लावला. तळ्याकडचं पार्क विजयी, पाठ असलेल्या बाकांच्या जोरावर. तिथली राईड बुटकी आहे याचा निकालाशी काडीचाही संबंध नाही. आज भोवरा. मला अजिबात काही वाटत नाही. फक्त नाश्ता जात नाही.

सोमवार, १२ मे, संध्याकाळ

भोवरा दुरुस्तीसाठी बंद.

कडेलोटला बसलो.

आता सविस्तर लिहितो. रांगेच्या शेवटी एक छोटं दार असतं, ज्यांना परत फिरायचं त्यांच्यासाठी. अत्यंत सुसंस्कृत सोय. त्या दारापाशी मी थांबून बुटाची नाडी बांधली. भिंगरी म्हणाली, बाबा, तुझ्या बुटांना नाडी नाहीये. मग तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता. माझा कसा होता ते तिने सांगितलं नाही.

मांडीवरचा लोखंडी बार अडकवणारा माणूस माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, काही नाही हो साहेब, कळायच्या आत संपतं. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. कारण तो आवाज माझा आहे. ती गोडी, ते थोपटणं, बोलताना दुसरीकडे बघणं, सगळं माझं. पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक असलेला माणूसच असं बोलतो.

पेशंटना मी सांगून ठेवतो की त्रास झाला तर डावा हात वर करा, मी थांबेन. गाडी कडकड करत वर चढायला लागली तशी मी डावा हात वर केला. खाली तो माणूस मजेत उभा. त्याने मला पाहिलं आणि स्वतःचे दोन्ही हात वर करून नाचला. मागच्या डब्यांतल्या सगळ्यांनी हात वर केले. मग आम्ही खाली गेलो.

पुढचं फारसं आठवत नाही. माझ्या मते मी शांत होतो.

गाडी खाली कोसळताना आपोआप काढलेले फोटो बाहेर पडताना काउंटरवर लावतात. सगळे समोर बघून किंचाळताहेत. एकटी भिंगरी समोर बघत नाही, ती माझ्याकडे बघते आहे. आणि माझं तोंड. तो चेहरा मी ओळखतो. रोज बघतो, वरून, दिव्याखाली. आपल्याकडे तो आहे हे माहीत नव्हतं. फोटो घ्यायची काही गरज नाही असं मी म्हणालो, तोवर हिने पाकिटात घालून घेतला होता.

भिंगरीने विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, मुंगी चावल्यासारखं. तिने आईच्या पाकिटातला फोटो काढून पुन्हा पाहिला. मग म्हणाली, ठीक आहे, मी बसेन.

म्हणजे मी जिंकलो. उभं राहवत नाहीये, पण जिंकलो.

बुधवार, १४ मे

घरी. शेवटचा पेशंट गेल्यावर दाढ काढायची ठरलं. भिंगरी दात घासून, वेणी घालून खाली आली आणि आपणहून खुर्चीत बसली. आ केला. मला भरून आलं.

पण दिवा नीट वाटेना. उजेड पिवळट. अशा उजेडात पोटच्या पोरीची दाढ काढणं म्हणजे बेजबाबदारपणा. उद्या नवा बल्ब.

गुरुवार, १५ मे

नवा बल्ब लावला. लख्ख. फार लख्ख, तिच्या डोळ्यांना त्रास झाला असता. शिवाय भुलीच्या औषधाची शंका आली. हिने बाटली उलटी करून तारीख वाचून दाखवली, पुढच्या वर्षीची आहे. म्हटलं, छापणारे काय वाट्टेल ते छापतात.

भिंगरी आजही दात घासून आली होती. जाताना म्हणाली, उद्या नक्की ना? मी म्हटलं, म्हणजे काय!

शुक्रवार, १६ मे

मान. खरंच मान. हिला ती तशी दुखते हे पटत नाही.

पोरगी खुर्चीत आ करून बसली होती. मी कपाटातल्या वस्तू लावत होतो. मग तिने तोंड मिटलं आणि म्हणाली, बाबा, तू पार्कात करत होतास तसंच करतोयस. माझं धाबं दणाणलं. कपाट लावून संपलं होतं, म्हणून पुन्हा काढलं.

जेवताना भिंगरी पुन्हा उजव्या बाजूनेच चावत होती. गाल पुन्हा किंचित वर आला आहे. हिने पाहिला. मीही पाहिला.

शनिवार, १७ मे

आज सगळं तयार होतं. दिवा बरोबर, औषध बरोबर, मान बरोबर. दुसरं काही शिल्लक नव्हतं.

भिंगरी बसली. तिच्या मुठी खुर्चीच्या हातांवर पांढऱ्या पडल्या होत्या. पाचावर धारण बसली होती पोरीची, पण आ केलेला. ठरलं म्हणजे ठरलं. मी सुई हातात घेतली आणि तिच्या तोंडावर वाकलो. ती सुईकडे बघत नव्हती, माझ्या डोळ्यांकडे बघत होती. नेहमीचं वाक्य म्हणायला गेलो. ते मुंगीचं. आलंच नाही. मग हात कापायला लागला. थोडा नाही, सुईचं टोक दिसेनासं होईल एवढा.

मी कितीतरी दाढा काढल्या आहेत. पोलिसांच्या, पैलवानांच्या. कधी नाही कापला.

हिने माझ्या हातातून सुई घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. भिंगरीला म्हणाली, चल, आपण मासे बघून येऊ. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, जा. तेवढं एकच नीट बोललो.

खिडकीतून दोघी रस्ता ओलांडताना दिसल्या. काचेचं दार उघडलं, मिटलं. मी खिडकीपासून मागे फिरलो. बसायला जवळ एकच जागा होती, पेशंटची खुर्ची. तिच्यात बसलो, आडवा झालो. छतावर ओल आली आहे. इतकी वर्षं लोक आ करून ह्या डागाकडे बघताहेत आणि मला कुणी सांगितलं नाही.

कान देऊन ऐकत होतो. रस्ता रुंद आहे, काच जाड आहे, काही ऐकू येत नाही. ओरडली असती तर कळलं तरी असतं. मला भीती वाटली. लिहून ठेवतो. फार भीती वाटली. ती कडेलोटला वाटली होती तशीच होती, फक्त ही संपेना.

किती वेळ गेला कोण जाणे. दवाखान्याचं दार वाजलं. भिंगरी, गालात कापसाचा बोळा, डोळे रडून लाल. खुर्चीपाशी आली. बोळ्यातून नीट बोलता येत नव्हतं, तरी म्हणाली, सांगितलं त्यांनी दुखेल म्हणून, आणि दुखलं. मग माझ्या कपाळावर हात ठेवला.

म्हणाली, झालं, बाबा. ऊठ आता.