देवीदासचा फर्स्ट पार्ट

१० नोव्हेंबर, रविवार
देवीदासच्या दहाव्याला कौंडण्यपूरला गेलो. कावळा पिंडाला शिवेना. थोरला मुलगा म्हणाला आईला सांभाळीन, धाकटा म्हणाला तंबाखूचा खर्रा सोडतो. कावळा झाडावरच. सगळे उन्हात ताटकळले. मग मीच पुढे झालो, हात जोडून म्हणालो, देवीदास, अकोल्याच्या गिटार मेळाव्यात तुझा फर्स्ट पार्ट मी वाजवीन. कावळा लगेच उतरला.

सगळे माझ्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं आमच्या गिटार क्लबमध्ये तो फर्स्ट, म्हणजे मुख्य सुरावट; मी सेकंड, म्हणजे साथ. खरा कलाकार कोण, ते शेवटी कावळ्याला कळलं.

१२ नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे रियाज. पार्ट चार पानांचा, आठवड्यात बसवतो. आज पायाखालचं स्टूल सापडलं नाही. उद्यापासून.

१५ नोव्हेंबर, सकाळी
बसलो. खिडकीच्या गजावर कावळा. तिसऱ्या ओळीत चुकलो तर त्यानं मान वाकडी केली. देवीदास अशीच करायचा. गिटार पेटीत ठेवून दिली.

१७ नोव्हेंबर, रविवार
क्लब, म्हणजे साधनाताईंच्या गच्चीवरची खोली. तिथला तरुण संघपाल म्हणे, भाऊ, फर्स्ट मले देऊन टाका, तुमी आपला सेकंडच वाजवा. बँकेत लागून वर्ष नाही झालं अन् मला शिकवून राहिला. म्हटलं, बाबू, मेलेल्या माणसाला शब्द दिला आहे, सेकंड तू घे. इतक्या पटकन हो म्हणाला की मलाच नवल वाटलं.

२२ नोव्हेंबर
चांदूर बाजारची संत्री सोलताना उजव्या अंगठ्याचं नख तुटलं. नखाशिवाय तार काय बोलणार? वाढेपर्यंत विश्रांती. कावळा आला, रिकामी खुर्ची बघून ओरडत बसला. मी पांघरूण घेऊन पडलो.

२९ नोव्हेंबर
भावनाला सांगितलं, देवीदास रोज येतो. बायको असून धीर द्यायचं सोडून हसली. म्हणे, मी खिडकीत शिळी भाकर ठेवते, त्याच्यासाठी येतो तो. भाकर बंद करायला लावली.

२ डिसेंबर
नख थोडं वाढलं, बसलो. भाकर नव्हती. तरी कावळा आला. चुकलो, मान वाकडी. आता बोला.
भीती वाटते. पण खरं सांगायचं तर बरंही वाटतं. देवीदास गेल्यापासून माझ्या चुका ऐकायला कोणी राहिलं नाही.

८ डिसेंबर, रविवार
पार्ट तयार. म्हणजे पहिलं पान पक्कं. बाकीची तीन स्टेजवर आपोआप येतात, हा माझा अनुभव आहे. कावळ्याला अकोल्याचं आमंत्रण दिलं.

१५ डिसेंबर, अकोला
पहिलं पान झालं. पान उलटलं आणि हात थांबले. मी हॉलच्या खिडक्यांत कावळा शोधत होतो, तो नव्हता. संघपाल काही थांबला नाही. एकट्यानं सेकंड पार्ट शेवटपर्यंत वाजवला. हॉल चिडीचूप. इतका गोड आहे तो पार्ट, मला माहीतच नव्हतं.

टाळ्या त्यालाच. मग माणिकवहिनी, देवीदासची बायको, डोळे पुसत आल्या. म्हणे, भाऊ, आमच्या ह्यांची एकच इच्छा राहिली होती, सेकंड पार्ट एकदा तरी नीट ऐकायचा. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली त्यायची, मैतर होते ना तुमी.

परतताना बडनेऱ्याजवळ लक्षात आलं. म्हणजे कावळा उतरला तो मी फर्स्ट घेतला म्हणून नाही. मी सेकंड सोडला म्हणून.

१९ डिसेंबर
अकोल्याहून आल्यापासून कावळा नाही. भावना आता ताजी भाकर ठेवते. भाकरीला मुंग्या लागतात.
आज खिडकी उघडी टाकून सेकंड पार्ट घेऊन बसलो. म्हटलं, चुकलो की येईल. मुद्दाम चुकायची गरज पडली नाही. जेवणाची हाक येईपर्यंत चुकत राहिलो. देवीदास आला नाही.