धाकटीकडे ताबा

४ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवं घर, आणि खिडकीत चक्क एक झाड! एवढं सगळं एका दिवसात मिळालं की जरा धास्तीच वाटते. घर ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नवऱ्याने सकाळी मोठ्या उत्साहाने खोकी उघडायला घेतली, पहिल्याच खोक्यात बुद्धिबळाचा पट सापडला आणि मग दिवसभर तो स्वतःशीच डाव मांडून बसला. संध्याकाळी म्हणाला, हरलो.

कंपनी लिफ्टचे सुटे भाग बनवते, माझ्याकडे तिथल्या मेलची व्यवस्था. साहेब मवाळ बोलतात, दर वाक्याला "नाही का" जोडतात. वायरमनला सगळे बिनधास्त म्हणतात. का, तर म्हणे चालू तारेला हात लावूनही तो हसला होता. पहिला चहा त्यानेच पाजला. माणसं बरी दिसताहेत. जमेल मला इथे.

५ तारीख, मंगळवार

बिनधास्तने तळघरातली मशीनची खोली दाखवली. गारठाच असतो आत. मेलची दोन मशीन शेजारी शेजारी आहेत, त्यांना त्याने नावं दिलीत: थोरली आणि धाकटी. सगळा कारभार थोरलीचा. धाकटी प्रत्येक मेलची प्रत ठेवते आणि सारखी विचारत असते, आहेस ना? थोरली म्हणते, आहे. उत्तर आलं नाही की धाकटी समजते ही गेली, आणि ताबा स्वतःकडे घेते.

घोडं अडतं ते बॅकअपपाशी. तो घेताना मशीनला क्षणभर थांबवावं लागतं. थोरलीने तेवढा श्वास रोखला की धाकटीचा धीर सुटतो. त्यामुळे इथे कितीतरी महिन्यांत धड बॅकअप झालेला नाही. साहेबांना तो याच आठवड्यात हवाय, कारण दोन्ही मशीन मोडीत काढायचीत. मी म्हटलं, ऑफिस सुटल्यावर घेते. ते म्हणाले, संध्याकाळनंतर खाली कुणी जात नाही, नाही का.

खोलीच्या दाराला आतून मूठ नाही, नुसती स्क्रूची भोकं आहेत. दार आपोआप लागतं. बिनधास्तने बजावलं, खाली पाचर सारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मोबाइलही लागत नाही तिथे.

६ तारीख, बुधवार

थोरलीच्या उत्तराला उशीर झाला तरी धाकटीने जास्त वेळ वाट बघावी, असं मी ठरवून दिलं आणि दुपारी बॅकअप सुरू केला. जवळजवळ संपला होता. तेवढ्यात धाकटीने ताबा घेतला. विचित्र हे, की थोरली एकदाही गप्प झालेली नव्हती. तिचं "आहे, आहे" चालूच होतं. धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी लगेच कारभार थोरलीकडे परत दिला. पण मधल्या वेळात बिनधास्तला एक मेल आला. माझ्या आधी इथे ज्या बाई होत्या, त्यांच्या पत्त्यावरून. "मी आत अडकले आहे. श्वास घेता येत नाही. दार उघडा."

त्याने मला दाखवला आणि हसला. म्हणाला, कुणाला तरी मस्करी सुचलीय, बघून येतो. मी हो म्हटलं.

७ तारीख, गुरुवार

बिनधास्त गेला.

तो आतच सापडला, बंद दाराला पाठ टेकून. पाचर बाहेर तशीच पडलेली. खोलीत हवा खेळती होती, तरी डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडून. पहारेकरी काकांनी जिन्यावरून आवाज ऐकला होता. आतून कुणीतरी दार बडवत होतं आणि बिनधास्त "आलो, आलो" म्हणत धावला होता. काकांना वाटलं, तो उघडेल दार, आणि ते वर गेले.

त्यांनीच मग बाईंचं सांगितलं. गेल्या वर्षी त्या आत बॅकअप घेत असताना आग विझवायचा वायू चुकून सुटला. दाराची मूठ तुटलेली होती. नवी बसवणं साहेब पुढे पुढे ढकलत होते. फोन लागेना म्हणून बाईंनी मेल केला. पण बॅकअपमुळे थोरली त्या क्षणी थांबलेली होती आणि धाकटी तेव्हा अशी उतावीळ नव्हती, तिने ताबा घेतला नव्हता. मेल मधेच राहिला. कुणालाच मिळाला नाही, आणि बाई आतच गेल्या.

सांगून झाल्यावर काकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. उद्यापासून येत नाही म्हणाले.

नवरा म्हणतो, सोड ही नोकरी. चार दिवसांत कशी सोडू?

८ तारीख, शुक्रवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. बॅकअप संपवा म्हणाले, सोमवारी मशीन जातील, नाही का. मलाही तेच हवंय. जाऊ देत एकदाची.

आज कसलीही जोखीम नको. धाकटीने आपणहून ताबा घ्यायची सोयच बंद केली. बॅकअप थोरलीचा न घेता धाकटीजवळच्या प्रतीचा घेतला, म्हणजे थोरलीला थांबवायचा प्रश्नच नाही. सगळं वर माझ्या टेबलावरूनच.

झाला. पूर्ण झाला.

शुक्रवार, नंतर

बॅकअप तपासला. थोरलीकडे नाही अशी मेलची एक पेटी त्यात आहे. बाईंची. आणि बॅकअप घेताना मीच तिची नक्कल करून ठेवलीय — जपून, नीट.

पेटीत एकच मेल. तारीख आजची. पाठवणारी मी. माझ्या नवऱ्याला. "मी खालच्या खोलीत अडकले आहे. दार उघडायला ये."

मेल त्याला पोचलेलाही आहे.

त्याचा फोन लागत नाही. परत लावला. नाही.

तळघर

जेवणाची सुट्टी. वाटेत कुणी नाही. किल्ली आणि लॅपटॉप घेऊन आलेय. कालपासून दार पाचर सारून उघडंच ठेवलं होतं; आता ते बंद आहे आणि पाचर कुठेच दिसत नाही.

आतून थापा.

"शहाणे, दार उघड." त्याचा आवाज. घरात तो असंच म्हणतो मला. पण तिला माझं नाव वापरता येतं, तर त्याचा आवाज का नाही? बिनधास्तनेही थापा ऐकूनच —

लिहीत राहते. हात मोकळा राहिला तर उघडून बसेन.

लॅपटॉपवर मेल. त्याचा! "मी घरीच आहे. आतून कुणीही हाक मारली तरी दार उघडू नकोस."

घरी आहे. घरी आहे तो. रडूच आलं.

थापा चालूच. एका हाताने कान झाकून लिहितेय.

हळू झाल्यात.

नखांचा आवाज. खालच्या बाजूला.

थांबल्या.

थांबल्या. पण —

त्याला कसं कळलं, मी दाराशी आहे ते? मी कुठे सांगितलं? आणि हा मला कधी मेल करतो? फोन करतो. कायम फोनच —

ताबा कुणाकडे आहे ते पाहिलं. बंद केलं होतं मी, स्वतःच्या हाताने बंद —

धाकटीकडे.

किल्ली फिरली. दार थोडं उघडून अडलंय. आतून काहीतरी जड टेकलंय. फटीतून त्याचा हात दिसतो, अंगठी — हलत नाही — कोमट आहे अजून — आत गेल्याशिवाय ओढता येणार नाही. पाचर नाही. वही दारात अडकवते. कुणी आलं तर आधी दार ध